बाळंतविडा : एका जुन्या आहेराची कहाणी

गेल्या आगमनकाळातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपली होती आणि एका बालकाचा स्नानसंस्कार व्हावयाचा होता. तयारीसाठी मी सॅक्रिस्टीत गेलो, तो दारात बाळाची पणजी उभी. वयाने वाकलेली, पण नजर तरतरीत. सोलापूरच्या एका गिरणीत, वाइंडिंग खात्यात, तिने उमेदीची वर्षे काढलेली. तिच्या हातात सोलापुरी चादरीच्या तुकड्यात बांधलेले एक गाठोडे होते. ते तिने माझ्यापुढे टेबलावर सोडले. आत तिच्याच जुन्या लुगड्यांची चार दुपटी, खणाची एक कुंची, दोन टोपडी, लंगोटांची एक चवड, आणि सगळ्यांच्या वर एक पांढरेशुभ्र झबले. ते झबले तिने आपल्या दिवंगत पतीच्या धोतरातून बेतले होते.

“फादर, ह्याला आशीर्वाद द्या,” ती म्हणाली. “नुसतं पोरासाठी नाही हं, पोराच्या आईसाठी बी हाय. ते दोन डबे आईचे.”

डब्यांत डिंकाचे आणि हळिवाचे लाडू होते. मी आशीर्वाद दिला. पण त्या गाठोड्याने त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या मनाचा पिच्छा पुरवला. ज्या आहेराला आपण ‘बायकांची गोष्ट’ म्हणून बाजूला ठेवतो, त्याच्या पोटात केवढा इतिहास दडलेला आहे, आणि त्या इतिहासात आपल्या पवित्र सभेचाही काही वाटा, बरा आणि वाईट, कसा आहे, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

‘बाळंतविडा’ हा शब्द आता नव्या पिढीच्या कानांवरून जवळजवळ गेला आहे. विडा म्हणजे पानाचा विडा, मानाने पुढे करावयाची वस्तू. मुलगी बाळंत झाली म्हणजे आप्तेष्टांकडून तिच्यासाठी लुगडे, खण, नारळ आणि बाळासाठी अंगडे-टोपडे, दुपटे, करगोटा, ऐपत असल्यास चांदीचे वाळे, असा जो आहेर येतो तो बाळंतविडा. त्याच्या जोडीला खाण्याचे जिन्नस: खारीक, खोबरे, डिंक, गोडांबी, हळीव, सुंठ, बाळंतशेपा, साजूक तूप. बाळासाठी वेखंड, जायफळ, हळकुंड आणि ते उगाळावयाची सहाण. हे सारे तबकात मांडून, वर रुमाल घालून, बायका घरोघर जात. आमच्याकडच्या गरीब घरांत तबक नसे. तेथे सूप असे, आणि सुपात पसाभर शाळू व त्यावर एक दुपटे. त्यालाही बाळंतविडाच म्हणत, आणि तो घेताना बाळंतिणीच्या डोळ्यांत जे पाणी येई त्यात काही उणे नसे.

या आहेरातील एक गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. एवढा आनंदाचा प्रसंग, आणि बाळाला जुने कापड! पण सोलापूरच्या माणसाला त्याचे कारण सांगावे लागत नाही. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते, नाहीतर धागा तुटतो. ती खळ नव्या कापडात राहते आणि कापड करकरीत लागते. शेकडो वेळा धुऊन, उन्हात वाळून, अंगावर झिजून त्या सुताचा ताठा निघून गेला म्हणजेच ते तान्ह्या बाळाच्या कातडीला सोसते. नवे कापड पैसे टाकले की मिळते. इतके मऊ झालेले कापड मिळवावयाचे तर कोणीतरी वीस वर्षे ते नेसलेले असावे लागते. म्हणून आजीच्या लुगड्याचे दुपटे हा गरिबीचा इलाज तर खराच, पण त्यात आजीचे आयुष्यही घडी घालून दिलेले असते. वाकळेचेही तसेच. जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक ठेवून धावदोरा घालीत जावयाचे. तीन महिने हात चालला म्हणजे एक वाकळ पुरी होते.

आपल्या सीमेपलीकडे, कर्नाटकातील हल्याळ-यल्लापूरच्या रानात, आफ्रिकी वंशाचे सिद्दी लोक राहतात. त्यांच्यातील अनेक कुटुंबे कॅथलिक आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ नावाची गोधडी शिवतात, आणि तान्ह्या बाळासाठी तिची लहान आवृत्ती करतात. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना घड्या घातलेली कापडाची फुले बसवावी लागतात. ती नसली तर गोधडी उघडी राहिली असे त्या मानतात. कॅथलिक स्त्रियांच्या कवंदीवर क्रूसही दिसतो. ज्यांच्या पूर्वजांना कोणी एकेकाळी गुलाम म्हणून या किनाऱ्यावर आणले, त्यांच्या लेकीसुनांनी चिंध्यांमधून आपल्या बाळांसाठी ही वस्तू उभी केली आहे.

संत लूकने प्रभू येशूच्या जन्माची हकिकत सांगताना मरियेने बाळाला बाळंत्यात गुंडाळल्याचे सांगितले आहे, आणि मेंढपाळांना देवदूताने जी खूण दिली तीही बाळंत्याचीच. राजवाडा नव्हे, तारा नव्हे. कापडात गुंडाळलेले एक बाळ. ते कापड कोणी दिले होते, हे लूक सांगत नाही. अलिशिबेच्या घरी मरिया सुमारे तीन महिने राहिली होती. तेथे दोघी गरोदर बायकांचे हात रिकामे बसले असतील असे मला वाटत नाही. पण हा माझा तर्क आहे, शास्त्र नव्हे.

पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या आहेराबद्दल मात्र एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोने, ऊद आणि गंधरस या तीन वस्तूंचे गूढार्थ आम्ही सेमिनरीत शिकलो: राजासाठी सोने, देवासाठी ऊद, मरणासाठी गंधरस. परंतु गंधरस म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातला हिराबोळ, आणि हा बोळ बाळंतिणीला देण्याची रीत महाराष्ट्रात इतकी जुनी आहे की त्याला ‘बाळंतबोळ’ असेच नाव पडले. सोलापुरात मधल्या मारुतीकडील बाजारात एका काष्ठौषधीवाल्याने तो माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा मी क्षणभर स्तब्ध झालो. (आजच्या काळात डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी तो घेऊ नये, हे ओघाने आलेच.) उदाचे तर विचारूच नका. शेगडीवर ओवा, शेपा आणि धूप टाकून बाळ-बाळंतिणीला धुरी देणारी सुईण आपण सर्वांनी पाहिली आहे. म्हणजे ते तीन पाहुणे बेथलेहेमात आले तेव्हा घरातल्या एखाद्या म्हातारीने त्यांचे गाठोडे सोडून सोने बाजूला ठेवले असेल आणि उरलेल्या दोन वस्तू लगेच कामाला लावल्या असतील!

ख्रिस्ती युरोपातही बाळंतविडा होता. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स नगरात बाळंतिणीला खाऊ नेण्यासाठी लाकडी तबके रंगवून घेत. लोरेंझो दे मेदिची याच्या जन्मानिमित्त, १४४९ साली, असे एक तबक रंगविले गेले. चित्रकार होता मसाच्चो या थोर कलावंताचा धाकटा भाऊ, लो स्केज्जा. १४९२ साली लोरेंझो वारला तेव्हाही ते तबक त्याच्या दालनात होते. आज ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. आईसाठी आलेल्या खाण्याचे ताट मुलाने मरेपर्यंत जवळ बाळगले, ही गोष्ट मला त्या चित्रापेक्षाही मोलाची वाटते. पोप महोदयही यात मागे नव्हते. कॅथलिक राजघराण्यात वारस जन्मला म्हणजे रोमहून आशीर्वाद दिलेली बाळंती खास दूताबरोबर पाठविण्याची प्रथा होती. अर्थात ती रेशमाची आणि जरीची असत. राजाच्या बाळाला ती कितपत रुतली असतील, ते त्या बाळालाच ठाऊक.

आता थोडे कडू. आपल्या स्वतःच्या विधीत बाळाच्या आईला कोणते स्थान होते? जन्मानंतर होता होईल तितक्या लवकर स्नानसंस्कार व्हावा असा दंडक होता. आई अजून अंथरुणातून उठलेली नसे. त्यामुळे बाळाला चर्चमध्ये नेणार धर्ममाता, बाळाच्या वतीने उत्तरे देणार धर्ममाता-धर्मपिता, आणि जिने नऊ महिने ते पोटात वाढविले ती घरी बाजेवर. पुढे ती हिंडूफिरू लागली की चर्चच्या दाराशी हातात पेटलेली मेणबत्ती घेऊन उभी राही, आणि धर्मगुरू तिला आशीर्वाद देऊन आत नेत. तो विधी मुळात आभारप्रदर्शनाचा होता. परंतु लोकांनी त्याला ‘शुद्धीकरण’ मानले, आणि आम्ही धर्मगुरूंनी तो गैरसमज दूर करण्याची फारशी तसदी घेतली नाही. १९६९ साली बालकांच्या स्नानसंस्काराचा नवा विधी आला. त्यात आईवडील पुढे आले, आईसाठी स्वतंत्र आशीर्वाद आला, आणि पांढरे वस्त्र कुटुंबानेच आणावे अशी इच्छाही तेथे व्यक्त केली आहे. त्या पणजीला हे कलम कोणी वाचून दाखविले नव्हते. तिने ते धोतर आपल्याच बुद्धीने फाडले होते.

आपल्या देशी चालीरीतींचे काय झाले, हे पाहावयाचे तर गोव्याकडे वळले पाहिजे. गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली स्थापन झाले आणि १८१२ साली कायमचे बंद झाले. १७३६ च्या एप्रिल महिन्यात त्या न्यायासनाने एक लांबलचक फर्मान काढले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा तपशील दिला आहे. ख्रिस्ती घरांतून कोणकोणत्या ‘हिंदू’ रीती नाहीशा व्हाव्यात याची ती यादी आहे. लग्नातील गाणी व वाद्ये, हळद, फुलांची आणि विड्यांची देवघेव, पुरुषांचे धोतर, बायकांची चोळी, दारची तुळस. आणि त्यातच बाळंतपणानंतरच्या सहाव्या रात्रीचे जागरण. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, ही त्यामागची समजूत. फर्मान काढणाऱ्यांना त्या रात्रीत फक्त सटवाई दिसली. ओल्या बाळंतिणीला एकटे न सोडता चार बायका रात्रभर तिच्याजवळ बसतात, दिवा विझू देत नाहीत, बाळाचा श्वास ऐकत राहतात, हे त्यांच्या दृष्टीस पडले नाही. जन्मल्यापासून पहिल्या आठवड्यात बाळे फार दगावत. त्या जागरणाला अंधश्रद्धेचे पांघरूण असेल, पण आत पहारा होता.

हे मी मोठ्या ऐटीत लिहीत आहे, पण मला तसे लिहिण्याचा अधिकार नाही. नवा धर्मगुरू म्हणून एका खेड्यात काम करीत असताना स्नानसंस्कारासाठी आणलेल्या एका बाळाच्या मनगटावरील काळ्या मण्यांची मनगटी मी सर्वांदेखत सोडवून बाजूला ठेवावयास लावली होती. आजीने ती निमूटपणे काढून पदराला बांधली. विधी पार पडला. वर्षभराने मला कळले की आजीचे आधीचे दोन नातू तान्हेपणीच गेले होते, आणि ती मनगटी तिने उपास करून, एकेक मणी ओवून केली होती. मी तिच्या घरी गेलो. तिने चहा केला. त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही, आणि माझ्याही तोंडून शब्द फुटला नाही. १७३६ ची लेखणी अडीच शतकांनंतर माझ्या हातात होती.

पवित्र सभेची भूमिका बदलत गेली, पण किती सावकाश! पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४४ साली ‘मलबार रीतीं’चा वाद कडक निर्बंध घालून मिटविला. दक्षिणेत येणाऱ्या मिशनऱ्यांना त्या रीतींविरुद्ध जी शपथ घ्यावी लागे, ती रोमने १९४० साली रद्द केली. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मंजूर केला, आणि लोकांच्या चालीरीतींमध्ये जे अंधश्रद्धेशी अतूट जखडलेले नाही ते सहानुभूतीने पारखून शक्य तर जपावे, असे धोरण स्वीकारले. आज आमच्या धर्मग्रामात सहाव्या रात्री शेजारच्या बायका जमतात, रोझरी म्हणतात, दिवा ठेवतात. बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची जुनी रीत होती. त्या जागी एका घरी मी शुभवर्तमानाची प्रत पाहिली, आणि तिच्या शेजारी लेखणीही होती. मी काही बोललो नाही.

परंतु बाळंतविड्याच्या इतिहासातील सर्वांत कठीण प्रश्न निराळाच आहे. ज्या आईकडे कोणीच विडा घेऊन जात नाही, तिचे काय?

एकोणिसाव्या शतकात उच्चवर्णीय विधवेला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा असत: स्वतः मरणे किंवा बाळाला मारणे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. कोणीही यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे. १८७४ साली तेथे आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करताच १८९७ साली सावित्रीबाईंचा अंत झाला, तेव्हा रुग्णांवर उपचार करणारा डॉक्टर हाच मुलगा होता.

आपल्या जिल्ह्यातही ही परंपरा आहे आणि तिचा आपल्याला विसर पडता कामा नये. पंढरपूर हे यात्रेचे गाव. तेथे दूरदूरच्या विधवा येत, आणि वाळवंटात किंवा गल्लीबोळात टाकलेली नवजात बाळे सापडत. प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर हे गुजराती गृहस्थ तेथे न्यायाधीश होते. त्यांच्या पुढाकाराने १८७५ साली तेथे बालहत्या प्रतिबंधक गृह आणि अनाथालय स्थापन झाले. पुढे ही संस्था वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्यांच्यासमोर बाळाचे प्रेतही येत असेल आणि आरोपी म्हणून त्याची आईही, त्या न्यायाधीशाला शिक्षा सुनावण्याऐवजी पाळणा टांगावासा वाटला. विठ्ठलाच्या दारी एका सुधारकाने जे केले, ते आपण ख्रिस्ती माणसांनी टोपी काढून वाचावे असे आहे.

लंडनमध्ये १७३९ साली सनद मिळालेले असेच एक बालकगृह होते. आई आपले बाळ तेथे सोडून जाई तेव्हा पुढे ओळख पटावी म्हणून कापडाचा एक तुकडा कागदाला टाचून ठेवीत. पुष्कळदा तो बाळाच्याच अंगावरच्या कपड्यातून कापलेला असे. अशी सुमारे पाच हजार कापडे आजही जपलेली आहेत: छापील सुती फुले, फिती, एखादे कशिदा काढलेले हृदय. परत येऊन आपले मूल नेणाऱ्या आया फारच थोड्या निघाल्या. सोलापूरसारख्या कापडाच्या गावात राहणाऱ्या माणसाला हे वाचून गलबलल्यावाचून राहवत नाही.

या गावात कापड विणणाऱ्या बाईच्या वाट्याला तरी बाळंतविडा कितपत आला? सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ साली सुरू झाली. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी आली, विष्णू आली. बायका रीलिंग-वाइंडिंग खात्यांत उभ्या राहत. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले तेव्हा, २८ जुलै १९२८ रोजी, डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्याही हिताचे आहे, आणि त्याचा काही भार सरकारने उचलावयास हवा, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाच्या रजेत दिवसाला आठ आणे मिळू लागले. त्यालाही मी बाळंतविडाच म्हणेन. तो प्रेमाने दिलेला नसेल, पण हक्काने घेता येत होता. पुढे १९६१ साली सबंध देशासाठी बारा आठवड्यांची रजा आली, आणि २०१७ साली ती सव्वीस आठवडे झाली. घरी बसून विड्या वळणाऱ्या सोलापूरच्या हजारो बायका मात्र कारखान्याच्या भिंतीबाहेर राहिल्या. मांडीवर सूप आणि शेजारी पाळणा, पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी, हे दृश्य पूर्व भागातील गल्ल्यांमधून ज्याने पाहिले नाही त्याने सोलापूर पाहिले नाही.

गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. चादर मात्र टिकली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या मागांवर तिने नाव कमावले, आणि भौगोलिक उपदर्शनाचा मानही मिळविला. बाळंतविड्यात आता सोलापुरी टॉवेल असतो, आणि तो योग्यच आहे. बाजारात प्लॅस्टिकच्या झाकणाची तयार पेटीही मिळते: पावडर, तेल, साबण, खुळखुळा. ती आणणाऱ्याच्या प्रेमाबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार एवढीच की तीत आईसाठी काहीही नसते. जुन्या बायकांना ठाऊक होते की बाळासाठी येणारे पुष्कळ असतात. आईसाठी लाडू वळणारे थोडे.

आमच्या धर्मग्रामातील महिला मंडळ गेली काही वर्षे दर शनिवारी दुपारी दुपटी शिवते. यापो येथील तबिथा वारली तेव्हा विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे दाखवीत होत्या, असे प्रेषितांच्या कृत्यांत आले आहे. तिचे एकही भाषण तेथे नोंदलेले नाही, नुसते कपडे. मंडळातल्या बायका ते वाचतात की नाही मला माहीत नाही. मशीन चालू असते आणि गप्पा त्याहून मोठ्याने.

त्या स्नानसंस्काराच्या दिवशी गाठोडे बांधताना पणजीने मला थांबवले होते. “फादर, धोतर मोठं होतं. अजून एक झबलं निघालंय. कुणाला लागलं तर सांगा.” ते तिने माझ्या हाती दिले. महिनाभर ते माझ्या कपाटात होते. जानेवारीत एका धर्मभगिनीचा फोन आला. एका रुग्णालयात एक अविवाहित मुलगी बाळंत झाली होती, घरचे कोणी आले नव्हते. आम्ही दोघे गेलो. मी झबले आणि मंडळाची दोन दुपटी नेली होती. सिस्टरांनी आठवणीने हळिवाचे लाडू आणले होते. मुलीने झबले उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, “हे कुणाचं?” मी म्हटले, “तुझंच.” तिने पुन्हा विचारले, “नाही, म्हणजे शिवलं कुणी?” मग मी तिला त्या पणजीबद्दल सांगितले, गिरणीबद्दल सांगितले, धोतराबद्दल सांगितले. ती ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिने लाडवाचा डबा स्वतःकडे ओढून घेतला.